लोहसीचा खालचा डोह

सांगोले
६ जुलै २०२४

वसुधा, तुला आणि मुक्ताला आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा शेजारच्या विनयाने तो माझ्या कानाला लावून धरला. मला नुसती घरघर ऐकू आली. उजवा कानही आता गेल्यातच जमा आहे. विनयाने कागदावर लिहून दाखवलं, 'वहिनी विचारतायत, जेवता ना वेळेवर?' मी मान हलवली. एवढंच आपलं बोलणं झालं. तेव्हा यापुढे पत्रच बरं. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे, अक्षर अजून ओळीत येतं. तूही कागदावरच लिही. मोबाइलवरचं वाचताना माझ्या डोळ्यांना पाणी येतं आणि लोकांना वाटतं, सर रडतायत.

प्रसन्नला जाऊन साडेतीन महिने झाले. बाजारात कुणी ना कुणी थांबवून विचारतं, काय झालं हो एकाएकी? मी सांगतो, हृदय बंद पडलं. तू मला जे सांगितलंस तेच सांगतो.

एक विचारायचं होतं. त्याला फार त्रास झाला का? एप्रिलमध्ये दहा दिवस मी तुझ्याकडे होतो, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायला लागतं. असली गोष्ट ओरडून कशी विचारायची? तुला लिहावंसं वाटलं तर लिही.

दुसरं त्याच्या कामाचं. त्या लोहसी नाल्यात दर महिन्याला कोणते मासे आहेत ते दोन वर्षं मोजायचं, असं तो म्हणाला होता. पावसाळ्यात वाहतो, उन्हाळ्यात पार कोरडा पडतो, आपल्या माण नदीसारखाच. पहिलं वर्ष आता संपलं असेल. पुढचं कोण करणार? तू करणार असशील तर मला दर वेळी कळव. मी शिकवलं ते आठवी-नववीचं विज्ञान, तुमचे आलेख मला कळायचे नाहीत, पण मासे कळतील.

अण्णा


लखनौ
२८ जुलै २०२४

अण्णा, नमस्कार करते.

तुमचं पत्र वाचून आधी उत्तर द्यायचं ते देते. त्याला त्रास झाला नाही. डॉक्टर म्हणाले, काही सेकंदांत सगळं संपलं असणार. मी पोचले तेव्हा तो नव्हता. हृदयच होतं, अण्णा. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

काम मीच करते आहे. प्रकल्पावर दोघांचं नाव होतं, संस्थेत कुणी काही विचारलं नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सरोजिनी नगरहून कानपूर रोडने बंथऱ्याच्या पुढे जाते. तिथून कच्च्या रस्त्याने नाला सहा किलोमीटर.

यंदा पाणी नऊ जुलैला आलं. पहिल्या दिवशी नुसतं गढूळ पाणी, पालापाचोळा आणि बेडकांची पिल्लं. तिसऱ्या दिवशी खालून, सई नदीतून, मासे चढायला लागले. आधी सिधरी. बोटाएवढी, चंदेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. प्रवाहाच्या विरुद्ध उड्या मारत येतात, पुलाखाली तर हाताने धरता येतील इतक्या. अंडी घालायला उथळ पाणी हवं असतं त्यांना, आणि ते नदीत मिळत नाही. मागोमाग टेंगरा, मिशांचा. आठ दिवसांनी रोहूची नखाएवढी पिल्लं. आणि ज्या कुठूनच आल्या नाहीत, तिथेच होत्या, त्या गरई. आपल्या मरळीची धाकटी बहीण म्हणा. मे-जूनभर चिखलात पडून होत्या, पाणी आल्यावर हलायला लागल्या. एकंदर अकरा जाती मिळाल्या. गेल्या जुलैत प्रसन्नला चौदा मिळाल्या होत्या. त्याचं जाळं टाकणं माझ्यापेक्षा चांगलं होतं, की मासेच कमी आले, हे अजून सांगता येत नाही.

जाळी धुवायला, उचलायला रामदुलारी नावाची बाई यायची. पिपरौली खेड्यातली. यंदा ती येत नाही. तिच्या घरी काही अडचण आहे.

मुक्ता आठवीत गेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. 'आजोबा को लिखना, मैं ठीक हूँ।' तेवढंच सांगते. फार गप्प झाली आहे. तुम्ही होतात तेव्हा पाटीवर लिहून लिहून तुमच्याशी बोलायची, तितकं ती माझ्याशीही बोलत नाही.

वसुधा


सांगोले
३० ऑगस्ट २०२४

वसुधा, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. माशांचा मजकूर विनयाच्या मुलांनाही वाचून दाखवला.

तुला प्रसन्नने हे सांगितलं होतं का, माहीत नाही. तो नऊ वर्षांचा असेल. मार्च महिना, माणचं पात्र सगळं वाळू झालेलं, कुठेकुठे डबकी. पोरं बादल्यांनी डबकी उपसायची आणि मासे ओरबाडून न्यायची. मी त्याला घेऊन गेलो होतो मोजायला. माझा तो नाद होता, वहीत लिहून ठेवायचा. डबक्यात चार मरळी उरल्या होत्या, तोंडं वर काढून हवा पीत होत्या. हा घरी धावला, आईची पाण्याची घागर घेऊन आला आणि चौघींना त्यात घालून आपल्या विहिरीत सोडलं. घागर बाटली म्हणून त्याची आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. त्याच्याशी नाही, माझ्याशी! विहिरीवर वाकून हा मला विचारतो, "अण्णा, बाकीच्या डबक्यांतल्यांचं काय?" मी म्हटलं, "सगळ्यांना घागर पुरायची नाही बाळ." ते उत्तर त्याला पटलं नव्हतं. तो या कामात पडला तो त्यामुळेच, असं मला वाटायचं, आणि त्याचा अभिमानही वाटायचा.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, हृदयच होतं. 'च' कशाला, असं मनात आलं. म्हाताऱ्या मास्तराची खोड, शब्दावर अडतो. डॉक्टरांनी आणखी काही सांगितलं होतं का? मी काहीही ऐकू शकतो. म्हणजे कानांनी नाही.

ती रामदुलारी कोण? तिची अडचण काय? तू त्यावर एकच ओळ लिहिलीस.

अण्णा


लखनौ
१७ नोव्हेंबर २०२४

अण्णा, नमस्कार.

उत्तराला फार उशीर केला. दिवाळीचं पत्रही लिहिलं नाही. क्षमा करा.

नाला वाहायचा थांबला आहे. दहा ऑक्टोबरला पुलाखालचं पाणी तुटलं. आता डोह आहेत, एकमेकांपासून वेगळे, एकूण सात. ज्यांना वेळेत कळलं ते मासे नदीत परतले. सिधरीची अर्धी पिल्लं अडकली. प्रत्येक डोहात आता वेगळा हिशेब आहे. वरच्या डोहांत सावली आहे, तिथे अजून नऊ जाती आहेत. ज्या डोहात गरई जास्त, तिथे बारीक मासे पंधरा दिवसांत संपले, गरईंनी खाल्ले. खालचा डोह सगळ्यांत मोठा आणि खोल आहे. तिथलं अजून मोजलेलं नाही.

गेल्या आठवड्यात हजरतगंजला गेले होते, मुक्ताच्या पुस्तकांसाठी. रस्ता ओलांडताना रामदुलारी दिसली. एका वकिलाच्या ऑफिसच्या पायरीवर बसलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मी वळणार होते, पण तिने पाहिलं होतं. उठून आली. "दीदी, बिटिया कैसी है?" पहिलं हेच विचारलं. मी म्हटलं, ठीक है. ती म्हणाली, "चौदह फरवरी की तारीख है। आपको भी कागज आवा होई।" एवढंच बोलून परत पायरीवर जाऊन बसली.

हे तुम्हाला कळणार नाही, माझ्या लक्षात येतंय. पण तुम्ही विचारलं होतंत ती कोण, म्हणून लिहिलं. तिच्या नवऱ्याची एक केस चालू आहे.

तुम्हाला एक विचारते. तुमच्या शाळेत एखाद्या मुलाला दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा झाली, आणि खरं काय ते माहीत असलेला तिसरा मुलगा गप्प राहिला, असं कधी झालं होतं का? तुम्ही काय केलंत?

वसुधा


सांगोले
५ डिसेंबर २०२४

वसुधा,

झालं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. मी त्या तिसऱ्या मुलाला वर्ग सुटल्यावर थांबवून घेत असे आणि काही न विचारता बसून राहत असे. तो बोलेपर्यंत.

मी बसलो आहे.

अण्णा


लखनौ
१२ जानेवारी २०२५

अण्णा,

नमस्कार लिहायचा धीर होत नाही.

प्रसन्न हृदयविकाराने गेला नाही. त्याला विजेचा धक्का बसला. खालच्या डोहात. पाणी आटलं की तिथे मासे दाटीने जमतात, आणि गावच्या तलावाचा ठेका घेतलेला एक माणूस आपल्या लोकांकरवी खांबावरून आकडा टाकून पाण्यात तार सोडतो. सगळे मासे एकदम वर येतात. प्रसन्न ऑक्सिजन मोजायला गुडघाभर पाण्यात उतरला. तार पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात होती.

इतकंच असतं तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्ही एवढ्या लांबून एकटे येत होतात म्हणून तेव्हा हृदय म्हटलं, पण नंतर सांगितलं असतं. पुढचं सांगता येत नव्हतं.

तारेचं मला माहीत होतं.

दहा मार्चचा रविवार. प्रसन्न वरच्या डोहावर होता. मी जीपशेजारी जाळी गुंडाळत होते. रामदुलारी म्हणाली, "दीदी, मंगल और सुक्कर को नीचे वाले पानी में न उतरना। ठेकेदार के आदमी तार डारत हैं।" मी विचारलं, तुला कसं माहीत? तर म्हणाली, आमचा माणूस, बैजनाथही जातो त्यांच्याबरोबर मासे गोळा करायला, दिवसाची मजुरी मिळते. मग घाबरली. "साहब से न कहना।" आणि मी म्हटलं, "नहीं, साहब को मत बताना। तुम भी मत बताना।"

का, ते सांगते. प्रसन्नला कळलं असतं तर तो त्याच दुपारी पोलिसात गेला असता. तुम्ही त्याला ओळखता. मग ठेकेदाराने आम्हाला नाल्यावर पाऊल ठेवू दिलं नसतं. आटणाऱ्या पाण्याचे महिने, मार्च ते मे, हेच आमच्या कामात सगळ्यांत महत्त्वाचे. हवा पिणारेच मागे उरतात की आणखी कुणी तग धरतं, हे तेव्हाच कळणार होतं. मी विचार केला, आपण जातो रविवारी, ते येतात मंगळवारी आणि शुक्रवारी. गाठ पडायचीच नाही. जूनमध्ये पहिल्या वर्षाचं काम झालं की सांगू.

चोवीस तारखेच्या रविवारी होळी पेटणार होती. सणाच्या दिवशी नको म्हणून प्रसन्नने आदल्या शुक्रवारी जायचं ठरवलं. नाश्ता करताना म्हणाला, "आज जाऊन येतो, पाणी भराभर उतरतंय." शुक्रवार, हे माझ्या मनात आलं. आलं होतं, अण्णा. पण तो खालच्या डोहावर दुपारनंतर जायचा, मला वाटलं फोन करीन. मुक्ताचा डबा भरला, स्कूटी काढली, संस्थेत पोचले, अकराला बैठक सुरू झाली आणि मी फोन केला नाही. साडेबाराला मला फोन आला.

बैजनाथने त्याला बाहेर काढलं. बाकीचे पळाले. त्याने बांबूने आकडा पाडला, पाण्यात उतरला, प्रसन्नला काठावर आणलं, छाती दाबली. पोलीस आले तेव्हा तारेचं भेंडोळं त्याच्या जवळ होतं. त्यालाच धरून नेलं. ठेकेदाराचं नाव त्याने घेतलं नाही, गावात राहायचं आहे त्याला. मला इन्स्पेक्टरने विचारलं, मॅडम, आपको तार के बारे में कुछ मालूम था? मी म्हटलं, नाही. तो दहा महिने तुरुंगात आहे. रामदुलारीने कुणालाही सांगितलेलं नाही की तिने मला सावध केलं होतं. मी ठेकेदाराचं नाव घेऊ शकते. पण ते मला कसं कळलं, हेही मग सांगावं लागेल.

आणखी एक. हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी पोचले तेव्हा प्रसन्न काठावर होता, कुणीतरी गमछा घातला होता तोंडावर. आणि पाण्यावर मासे उलटे तरंगत होते. गरई सत्तावीस, सिंघी नऊ, टेंगरे चार. मी मोजले. आणि दोन कवई, त्याही हवा पिणाऱ्या. त्या डोहात कवई आहे हे आम्हाला वर्षभर कळलं नव्हतं. माझ्या मनात पहिलं हे आलं, की प्रसन्नला सांगायला हवं.

चौदा फेब्रुवारीला माझी साक्ष आहे. तुम्ही सांगाल ते करीन.

वसुधा


लखनौ
२० फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी पोस्टमनची वाट पाहत होते. मग तेरा तारखेला कळलं की ते यायच्या आत मला जावं लागणार.

कैसरबागेच्या कोर्टात सकाळी दहापासून बसले, नाव दुपारी तीनला पुकारलं. मी सगळं सांगितलं. ठेकेदाराचं नाव, मंगळवार-शुक्रवार, बैजनाथ मजुरीवर जायचा हे, आणि त्यानेच प्रसन्नला बाहेर काढलं हे. समोरच्या वकिलांनी विचारलं, "ये सब आपको कब पता चला?" मी म्हटलं, बारा दिन पहले. "पति को बताया?" नहीं. "पुलिस को?" नहीं. "क्यों?" मी म्हटलं, काम रुक जाता. खोलीत कुणीतरी हसलं, की खोकलं, ठाऊक नाही. न्यायाधीशांनी मला पाणी द्यायला सांगितलं.

बाहेर रामदुलारी होती. तिने माझा हात धरला नाही, आभारही मानले नाहीत. बरोबरच आहे. म्हणाली, "पहिले बोल देतीं दीदी।" काल बैजनाथला जामीन मिळाला. ठेकेदाराला चौकशीला बोलावलं आहे. केस चालेल अजून.

संस्थेत आता सगळ्यांना माहीत झालं आहे. माझ्या टेबलाजवळ आले की लोक हळू बोलतात. सोळा तारखेला नाल्यावर गेले. मला कुणी अडवलं नाही, कुणी बोललंही नाही. चार डोह उरलेत. खालचा डोह यंदा प्रथमच मोजला. गरई, सिंघी, आणि एक कवई.

मुक्ताला मी कोर्टाचं सांगितलं नाही. मीटिंग आहे म्हटलं.

तुम्ही लिहू नका, नसेल लिहायचं तर. पण तब्येत बरी आहे एवढं विनयाकडून कळवा.

वसुधा


सांगोले
३ मार्च २०२५

वसुधा,

तब्येत बरी आहे.

तुझं जानेवारीचं पत्र आलं त्या दिवशी मी ते अर्धं वाचून खाली ठेवलं, कारण अर्धं मला आधीच माहीत होतं. विजेचं. एप्रिलमध्ये मुक्ताने मला पाटीवर लिहून दाखवलं होतं, 'पापा को करंट लगा था। माँ को मत बोलना कि आपको पता है।' मी ते वाचलं, तिने हाताने पुसून टाकलं. म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा विचारत होतो. तू कधीतरी सांगशील आणि मी लिहीन, 'असू दे पोरी, मला ठाऊक होतं', असं उत्तर मी मनाशी तयार करून ठेवलं होतं. मला वाटत होतं की क्षमा करण्यासारखं तेवढंच आहे.

मग उरलेलं अर्धं वाचलं.

उत्तर लिहायला रोज बसत होतो. एकदा लिहिलं, पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यात काय लिहिलं होतं ते तुला सांगणार नाही. फाडून टाकलं आहे. मला तुझा राग आला, अजून आहे. तू नाश्त्याला 'आज शुक्रवार आहे' एवढे तीन शब्द बोलायचे होतेस. झोपेतून उठलो की ते तीन शब्द मीच मोठ्याने म्हणतो, असं विनया सांगते. मला काय, ऐकू येत नाही.

तू कोर्टात बोललीस, माझ्या उत्तराची वाट न बघता, हे बरं केलंस. मी वेळेत लिहिलं असतं तरी काय लिहिलं असतं, देव जाणे. त्या बैजनाथला माझ्यातर्फे सांग, त्याने प्रसन्नला पाण्यात पडून राहू दिलं नाही, हे माझ्या लक्षात राहील. जमेल तेव्हा सांग, आज नको.

क्षमा केली असं मी लिहीत नाही. ते खोटं होईल, आणि खोटं आपल्या दोघांत पुरेसं झालं. पण तू माझी सून आहेस हे काही त्यावर अवलंबून नाही. तुझी पत्रं यायला हवीत. महिन्याचे मासे कळवायला हवेत.

आता महत्त्वाचं. वसुधा, मला तू जपत होतीस, तुला मी जपत होतो, आणि दोघांचंही गुपित त्या पोरीकडे होतं. ती तेरा वर्षांची आहे. मी तिला वचन दिलं आणि सुटलो, मला वाटलं, किती शहाणी आहे. वर्षभर ती दोन्हीकडे तोंड मिटून बसली. कोर्टातलं तिला शाळेत कुणाकडून तरी कळेलच. त्याच्या आत तू सांग. सगळं सांग, मला सांगितलंस तसं. माझ्या उत्तराची वाट बघू नकोस.

अण्णा


लखनौ
१६ मार्च २०२५

अण्णा, नमस्कार करते.

तुमचं पत्र दहाला आलं. तीन दिवस मला धीर झाला नाही. होळीला कॉलनीत सगळे रंग खेळत होते, खालच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाताई गुझिया, म्हणजे करंज्या, देऊन गेल्या, आणि आम्ही दोघी दार लावून आत. गेल्या वर्षीही तशाच होतो. मुक्ता टेबलापाशी मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगायला सुरुवात केली.

मराठीतच सांगितलं. तारेचं, दहा मार्चचं, रामदुलारी काय म्हणाली ते, मी तिला काय म्हटलं ते. शुक्रवारचं सांगितलं. कोर्टाचं सांगितलं. तिने मटार सोलणं थांबवलं नाही. मी म्हटलं, "मुक्ता, मला माहीत होतं आणि मी बाबाला सांगितलं नाही. तू माझ्यावर रागावलीस तर मला चालेल."

ती म्हणाली, "मुझे पता है, माँ।"

मला वाटलं, शाळेत कळलं. मी विचारलं, कुणी सांगितलं?

"किसी ने नहीं। मैं जीप में थी न उस दिन। पीछे की सीट पर। खिड़की खुली थी।"

अण्णा, ती होती. त्या रविवारी आमच्याबरोबर आली होती आणि ऊन लागतं म्हणून जीपमध्ये पुस्तक वाचत पडली होती. वर्षभर त्या दिवसातला शब्दन्‌शब्द मी आठवत राहिले, आणि ती तिथे होती हे मला एकदाही आठवलं नाही. तुम्हाला पत्र लिहितानाही नाही.

मग तीच बोलली. इतकी वाक्यं सलग ती वर्षभरात बोलली नव्हती.

"शाम को पापा ने पूछा था, रामदुलारी आंटी तुम्हारी माँ से इतनी देर क्या बात कर रही थीं? मैंने कहा, कुछ नहीं। आपने आंटी को बोला था न, साहब को मत बताना। तो मैंने सोचा, मुझे भी नहीं बताना है।"

मग म्हणाली, "और फ्राइडे को मैं स्कूल में थी। पापा ने गेट पर छोड़ा था। बोले, आज नाले पर जा रहा हूँ। मुझे याद आया था, माँ। मुझे भी याद आया था।"

तिच्या हातातली शेंग तशीच होती, उघडलेली. मी उठून तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. अंग ताठ होतं तिचं, लाकडासारखं. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही, तू लहान आहेस, मी सांगितलं म्हणून तू गप्प राहिलीस. तिने विचारलं, "तो फिर आपकी गलती है?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मगर मुझे तो पता था।" पुन्हा पुन्हा एवढंच. मी काहीही म्हटलं की एवढंच. मगर मुझे तो पता था.

काल दिवसभर ती झोपून होती. आज थोडा भात खाल्ला. संध्याकाळी तुमची पाटी शोधून काढली, जी तुम्ही असताना वापरायची ती, आणि पुसून कपाटावर ठेवली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, आजोबा आएँगे तो.

येत्या शनिवारी बावीस तारीख आहे, त्याला जाऊन वर्ष होईल. आम्ही घरीच असू. महिन्याचं मोजायला मी या वेळी गेले नाही, पाणी उतरत असेल, उतरू दे.

माझ्यावरचा राग घेऊनच या, तो टाकून येऊ नका. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण तिला मी काहीही सांगितलं तरी ती मानत नाही, कारण सांगणारी मी आहे. तुमचं कदाचित मानेल. काय लिहायचं ते प्रवासात ठरवा. गाडी कोणती ते विनयाला फोनवर कळवायला सांगा, चारबाग स्टेशनवर आम्ही दोघी येऊ, फलाटावर डब्यासमोर उभ्या राहू, तुम्हाला हाक ऐकू यायची नाही म्हणून मुक्ता हात वर करील.

उत्तर लिहू नका, अण्णा. या.

वसुधा